खेळाडू वाईट की नियम वाईट?

मुलांच्या संगणकावरील खेळांचा विषय शिक्षकांच्या खोलीत निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, हे खेळ मुलांना भांडखोर करतात. दुसरे, स्पर्धा हा माणसाचा स्वभावच आहे, त्यात खेळ काय बिघडवणार? दोन्ही मतांचा रोख खेळाडूवर असतो. खेळाचे नियम मात्र सहसा कुणी तपासत नाही. ते तपासण्यासाठी एक जुना, गाजलेला खेळ घेऊ.

‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ अमेरिकेतील ओरिजिन कंपनीने सप्टेंबर १९९७ मध्ये बाजारात आणला. हजारो माणसे इंटरनेटवरून एकाच वेळी एका काल्पनिक राज्यात वावरतात आणि प्रत्येक जण त्यातले एक पात्र होतो, अशी याची कल्पना. कुणी खाणीतून लोखंड काढावे, कुणी तलवारी घडवाव्यात, कुणी कपडे शिवावेत, कुणी राक्षस मारावेत. खेळाला शेवट नाही, अंतिम विजेता नाही. खाणकामगारावाचून लोहाराचे अडते आणि लोहारावाचून योद्ध्याचे. सहकार्य रुजायला याहून चांगली जमीन कोणती?

पण एक नियम असा होता की, गावाबाहेर कोणीही कोणालाही मारू शकत असे आणि मेलेल्याजवळचे सामान लुटता येत असे. गावात पहारेकरी होते, वेशीबाहेर कोणी नव्हते. पुढे काय झाले असेल याचा अंदाज वाचकांनी आधी स्वतः करून पाहावा. खाणींजवळ आणि गावाबाहेरच्या वाटांवर लुटारू दबा धरून बसू लागले. नवखे खेळाडू मारले जात, लुटले जात आणि कंटाळून खेळच सोडून देत.

मुख्य रचनाकार रॅफ कॉस्टर यांना आशा होती की, खेळाडूच एकत्र येऊन लुटारूंचा बंदोबस्त करतील. त्यासाठी काही साधनेही दिली गेली. वारंवार खून करणाऱ्याचे नाव लाल अक्षरांत दिसे आणि त्याच्या डोक्यावर इनाम लावता येई. काही खेळाडूंनी संरक्षक दले उभारलीही. तरी लूटमार थांबली नाही. का बरे?

हिशेब मांडू. नवख्याला मारायला लुटारूला काही क्षण पुरत, आणि हाती येई ती त्याची कित्येक तासांची कमाई. रक्षण करणाऱ्याचा मात्र वेळ जाई आणि मिळकत जवळजवळ शून्य. शिवाय बदनामी चिकटे ती पात्राला, माणसाला नव्हे. एका खात्यावर अनेक पात्रे ठेवता येत. एका पात्राने खून करायचे आणि दुसऱ्याने सभ्यपणे बाजारात हिंडायचे, हे सहज शक्य होते.

इथे रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचे काम आठवते. त्यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली आणि १९८० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन पक्षांनी पुनःपुन्हा समोरासमोर यायचे आणि दर वेळी सहकार्य करायचे की दगा द्यायचा ते ठरवायचे. तज्ज्ञांनी पाठवलेल्या १४ कार्यक्रमांत अनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत साधा ‘जशास तसे’ हा कार्यक्रम पहिला आला. आधी सहकार्य करायचे, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केले तेच करायचे, एवढेच त्याचे सूत्र. पुढच्या स्पर्धेत ६२ कार्यक्रम आले, तरी जिंकला तोच. पण हे सूत्र चालायला दोन अटी लागतात: समोरचा पुन्हा भेटणार असला पाहिजे, आणि भेटल्यावर ओळखता आला पाहिजे. वेशीबाहेरच्या वाटेवर या दोन्ही अटी ढिल्या होत्या. म्हणून खेळाडूंच्या सद्‍भावनेवर विसंबण्याचा बेत फसला.

मग २००० साली जगाचे दोन भाग झाले. सगळा भूप्रदेश जसाच्या तसा दोनदा मांडला गेला. ‘फेलुका’त जुने नियम राहिले. ‘ट्रॅमेल’मध्ये मात्र समोरच्याच्या संमतीशिवाय हल्ला करता येईना. बहुसंख्य खेळाडू ट्रॅमेलमध्ये निघून गेले. फेलुका ओस पडू लागली. तिथे माणसे यावीत म्हणून पुढे दुप्पट कच्चा माल ठेवावा लागला.

या उपायाचे मूल्यमापन कसे करायचे? नवख्यांचा छळ थांबला, ही मोठीच गोष्ट. ज्याला लढायचे नाही त्याला लढायला लावू नये, हे तत्त्व योग्यच आहे. पण माझ्या मते हा समतोल नव्हे, ही वाटणी आहे. बाहेरचे भय गेले तसे सोबत शोधण्याचे एक मोठे कारणही गेले. सहकार्य एका बाजूला आणि स्पर्धा दुसऱ्या बाजूला ठेवली, दोन्हींची सांगड घातलीच नाही.

अशी सांगड नंतरच्या खेळांत दिसते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळात सुरुवातीला सर्वांत मोठ्या मोहिमांना ४० जणांचा गट लागे. कुणी शत्रूचे घाव अंगावर घ्यायचे, कुणी जखमा भरायच्या, कुणी प्रहार करायचे. एकट्याने काहीच साधत नसे. स्पर्धा होती, पण ती गटागटांत: अमुक राक्षस आधी कोण मारतो? गटातही लुटीच्या वाटपावरून भांडणे होतच. पण त्यावरचा उपाय ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) या आधीच्या खेळातील खेळाडूंनीच काढलेला होता. मोहिमेत भाग घेतल्याबद्दल गुण मिळवायचे आणि ते खर्चून वस्तू घ्यायची. इथे माणसे तीच, रोज भेटणारी, नावाने ओळखणारी. अ‍ॅक्सेलरॉड यांच्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. दोष एवढाच की, ४० जणांची वेळ जुळवणे हे नोकरीसारखे होऊन बसते.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात करून पाहावे. प्रत्येक मुलाला एक लाल आणि एक काळा पत्ता द्या. जोडीने बसून दोघांनी एकाच वेळी पत्ता दाखवायचा. दोन्ही काळे तर दोघांना ३-३ गुण, दोन्ही लाल तर १-१. एक लाल, एक काळा असेल तर लालला ५ आणि काळ्याला ०. आधी दर डावाला जोडीदार बदलून दहा डाव खेळा. मग एकच जोडीदार ठेवून दहा. डाव किती ते मुलांना आधी सांगू नका. दोन्ही वेळचे काळे पत्ते मोजा आणि फरक का पडला किंवा का पडला नाही, यावर मुलांनाच बोलू द्या.

त्यानंतर आपलेच नियम तपासायला हरकत नाही. वर्गात पहिला नंबर एकच असेल, तर शेजाऱ्याला गणित समजावणाऱ्या मुलाच्या पदरात आपण काय टाकतो? गटाच्या प्रकल्पाला सर्वांना सारखेच गुण देत असू, तर राबणाऱ्या एकट्या मुलीने पुढच्या वेळी का राबावे? ही मुले स्वार्थी किंवा आळशी आहेत असे म्हणण्यापूर्वी, आपल्या नियमांत कोणत्या वागण्याला किती गुण मिळतात याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.