पाहणें आणि दाखविणें

दिवाळीची सुटी संपून हवेंत थोडा गारवा आला, कीं शाळाकॉलेजांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. मुंबईस येणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेंत गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग आणि 'म्यूझियम' हीं तीन नांवें बहुधा एका ओळींत आढळतात. पहिल्या दोन ठिकाणीं काय पाहावयाचें हें मुलांस सांगावें लागत नाहीं. समुद्र आणि पेंग्विन आपापलें काम स्वतःच करतात. तिसऱ्या ठिकाणीं मात्र मार्गदर्शकाची गरज लागते, आणि माझ्या मतें घोटाळ्यास सुरुवात तेथेंच होते. प्रस्तुत लेखाचा विषय हा घोटाळा आहे. तो करणाऱ्यांत पंचवीस वर्षें मी स्वतः होतों हें आरंभींच कबूल केलेलें बरें. म्हणजे पुढील टीका केवळ परोपदेशाची वाटणार नाहीं.

ज्या संग्रहालयाच्या आधारानें मी लिहीत आहें तें पूर्वीचें प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम, म्हणजे १९९८ पासूनचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याची कोनशिला १९०५ सालीं बसली, जॉर्ज विटेट यानें आंखलेली वास्तु १९१४ सालीं पुरी झाली, महायुद्धाच्या काळांत तिच्यांत लष्करी इस्पितळ होतें, आणि जानेवारी १९२२ मध्यें ती संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. ऐहोळेच्या देवळांतील शिल्पें, सिंधमधील मीरपूर खासच्या स्तूपांतून आलेल्या भाजक्या मातीच्या मूर्ति, अकबराच्या चित्रशाळेंतील 'अन्वार-इ-सुहैली'चीं पानें, हें सर्व एका छपराखालीं पाहावयास मिळणें ही सामान्य गोष्ट नव्हे. मुलांसाठीं २०१९ सालीं तेथें निराळें बालसंग्रहालयहि उघडण्यांत आलें. तेव्हां माझी तक्रार त्या घराविषयीं नाहीं. ती त्या घरांत पाहुणे घेऊन जाणाऱ्या आम्हां शिक्षकांविषयीं आहे.

मागल्या हिवाळ्यांत एका शाळेची सहल मीं तेथें पाहिली. साठएक मुलें होतीं. बरोबरच्या बाई मनानें चांगल्या होत्या, पण त्यांचा एक डोळा मुलांवर होता आणि दुसरा घड्याळावर. "चला, चला, अजून वरचे मजले राहिलेत," हें वाक्य प्रत्येक दालनांत एकदां तरी ऐकूं आलें. मुलांच्या हातीं वह्या होत्या आणि प्रत्येक वस्तूखालील फलकावरचा मजकूर त्यांत उतरून घेण्याची लगबग चालली होती. कारण परत गेल्यावर सहलीचा वृत्तांत लिहावयाचा होता. मीरपूर खासच्या एका उपासकाच्या मूर्तीपुढें एक मुलगा मान खालीं घालून भराभर लिहीत होता. मीं त्याला सहज विचारलें, "अरे, ह्याच्या हातांत काय आहे?" त्यानें उत्तर फलकांत शोधलें. तेथें तें सांपडेना, तेव्हां त्यानें मान वर केली. "फूल!" तो म्हणाला, आणि क्षणभर तसाच पाहत उभा राहिला. इतक्यांत बाईंची हांक आली आणि तो पळाला.

पंढरपुरास ज्यांना वेळ नसतो त्यांच्यासाठीं मुखदर्शनाची रांग निराळी असते. दुरून मुख दिसलें, हात जोडले, पुढें सरकलें. त्या रांगेंतील वारकऱ्याला निदान आपण कोणाला भेटावयास आलों हें पक्कें ठाऊक असतें. वर्षभर त्यानें त्या मुखाचें ध्यान केलेलें असतें, म्हणून एक क्षणहि त्याला पुरतो. आमच्या सहलींनीं रांग तेवढी उचलली आणि ध्यान मागें ठेविलें.

परंतु घाईला दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. माझ्या स्वतःच्या अनुभवांत घाई नव्हती. मी वाङ्मयाचा अध्यापक. दरवर्षीं पंचवीस-तीस विद्यार्थी घेऊन मी मुंबईस जात असें, आणि निवडक वस्तूंपुढें थांबून प्रत्येकीवर पंधरा-वीस मिनिटें बोलत असें. आपण इतरांसारखे धांवत नाहीं याचा मला अभिमानहि होता. ऐहोळेच्या हुच्चप्पय्या देवळांतील ब्रह्मदेवाची शिळा हें माझें आवडतें स्थान. तेथें मी पितामहाची पुराणांतील कथा सांगें, चार मुखांचा आणि चार वेदांचा संबंध उलगडून दाखवीं, ब्रह्मदेवाची पूजा विरळ कां झाली यावर दोन मतें मांडीं, आणि शेवटीं चालुक्यांच्या राजवटीवर येऊन थांबें. विद्यार्थी टिपणें घेत. व्याख्यान बरें होत असावें, कारण दुसऱ्या सहलींतील माणसेंहि ऐकावयास थांबत.

एका वर्षीं व्याख्यान संपल्यावर मागें उभ्या असलेल्या एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, हा दगड देवळांत कुठें होता? असाच उभा होता का?"

तो उभा नव्हता. ती छताची शिळा आहे. भाविकानें मान मागें टाकून, अंधारांतून वर पाहावें आणि डोक्यावर ऋषींसह ब्रह्मदेव दिसावा, यासाठीं ती घडविलेली आहे. आज ती भिंतीशीं उभी असल्यामुळें आपण तिच्याकडे समोरासमोर, बरोबरीच्या नात्यानें पाहतों. ही गोष्ट मला माहीत नव्हती असें नाहीं. माझ्या टिपणांत ती शेवटच्या ओळींत होती आणि वेळ संपला म्हणून मीं ती गाळली होती. चार वेदांस वेळ मिळाला. दगड कोठें होता याला मिळाला नाहीं. त्याहून वाईट गोष्ट उत्तर देण्यासाठीं वळलों तेव्हां माझ्या ध्यानांत आली. त्या शिळेकडे त्या दिवशीं मीं एकदांहि पाहिलें नव्हतें. वीस मिनिटें माझी पाठ तिच्याकडे होती आणि विद्यार्थ्यांचीं तोंडें माझ्याकडे. त्यांच्या आणि ब्रह्मदेवाच्या मध्यें मी उभा होतों.

समूहाला दाखविण्याच्या पद्धतींतील मुख्य दोष मला या उभें राहण्यांतच दिसतो. मार्गदर्शक श्रोत्यांकडे तोंड करतो. सभ्यतेच्या दृष्टीनें तें योग्यच. पण मग श्रोते वस्तूकडे न पाहतां त्याच्याकडे पाहतात, आणि वस्तु ही नाटकांतील पाठीमागच्या पडद्यासारखी राहते. बोलणें जितकें चांगलें, तितका पडदा अधिक दूर जातो. वाङ्मयाच्या माणसाकडून हा अपराध विशेष होतो. आम्हांस कथा येते, आणि कथा सांगितली कीं चित्र संपलें असें आम्हीं धरून चालतों. 'अन्वार-इ-सुहैली' हा ग्रंथ वंशानें आपल्या पंचतंत्राचाच. त्यांतील गोष्टी आपल्याकडील मुलांस आजीच्या तोंडून परिचित असतात. म्हणून त्या पानांपुढें मुलें गोष्ट ओळखतात आणि पुढें निघतात. गोष्ट ओळखीची असतां चितारी तिचें काय करतो, झाडांची गर्दी कोठें करतो, मोकळी जागा कोठें सोडतो, जनावराच्या अंगांत भीति कशी भरतो, हें पाहण्याची जी दुर्मिळ संधि, ती ओळखीनेंच दवडली जाते.

संग्रहालयांत बोलणारा माणूस असावा ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेंत बोस्टनच्या कलासंग्रहालयानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत असे मार्गदर्शक नेमले. त्यांना 'डोसेंट' हें नांव देणारे बेंजामिन गिल्मन हे त्या संस्थेचे चिटणीस होते. याच गृहस्थांनीं १९१६ सालीं 'संग्रहालयाचा शीण' या विषयावर एक लेख लिहिला. कपाटांतील वस्तु नीट पाहावयाच्या तर माणसाला किती वांकावें, गुडघे टेकावे आणि मान मोडावी लागते, हें त्यांनीं छायाचित्रें घेऊन दाखविलें. गिल्मन यांनीं शरीराचा शीण मोजला. मनाचा शीण छायाचित्रांत येत नाहीं. पण मीं तो माझ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिला आहे. न विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें दोन तास ऐकत राहिलें, कीं तो येतो.

येथें एक भारदस्त आक्षेप येईल. ज्या बोस्टनच्या संग्रहालयांत गिल्मन होते तेथेंच १९१७ पासून आनंद कुमारस्वामी यांनीं भारतीय संग्रहाची जबाबदारी पत्करली, आणि १९४१ सालीं कलाकृति मांडून ठेवावयाच्याच कशासाठीं, असा प्रश्न त्यांनीं एका व्याख्यानांत खुद्द संग्रहालयवाल्यांना केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं या वस्तु कोणीं संग्रहालयासाठीं घडविल्या नाहींत; त्यांना उपयोग होता आणि अर्थ होता. तो न जाणतां नुसत्या रूपावर खूष होणें म्हणजे रसिकता नव्हे, वरवरची करमणूक होय. मग अर्थ सांगणाऱ्या माझ्या व्याख्यानाचें चुकलें तें काय?

या आक्षेपाचें पहिलें अंग मला मान्य आहे. अर्थावांचून पाहणें आंधळें आहे. पण त्या विद्यार्थिनीचा प्रश्न पाहा. दगड मूळ कोठें होता, कसा होता, हा नेमका कुमारस्वामींचा प्रश्न आहे. आणि तो तिला कोणत्याहि ग्रंथानें शिकविला नव्हता. तिच्या डोळ्यांस कांहीं तरी खटकलें आणि तेथून तो निघाला. डोळ्यांनीं प्रश्न काढावा आणि ज्ञानानें त्याचें उत्तर द्यावें, हा क्रम आहे. आम्हीं शिक्षक तो उलटवितों. प्रश्न जन्मण्यापूर्वींच उत्तर देऊन टाकतों, आणि मग विद्यार्थ्यांत जिज्ञासा नाहीं म्हणून हळहळतों.

अमेरिकेंत अलीकडच्या पिढींत याच्या उलट टोकाचा एक प्रयोग झाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनीं अशी पद्धत बसविली, कीं शिक्षकानें माहिती सांगूं नये. चित्रांत काय चाललें आहे, तें कशावरून म्हणतां, आणि आणखी काय दिसतें, एवढेंच विचारीत राहावें. यांतील मधला प्रश्न मला रत्नासारखा वाटतो. 'कशावरून?' हा शब्द आमच्या नैयायिकांच्या आणि गणिताच्या मास्तरांच्या तोंडीं सदैव असे. तो चित्रापुढेंहि विचारतां येतो हें मात्र आम्हांस सुचलें नाहीं. तरी या पद्धतीचा पूर्ण स्वीकार मला करवत नाहीं. छताची शिळा छताची होती, हें वर्ग तासभर पाहत बसला तरी नुसत्या पाहण्यानें निश्चित होणार नाहीं. संशय डोळ्यांस येईल. निर्णय जाणत्यालाच द्यावा लागेल. त्यानें गप्प बसणें हाहि एक प्रकारचा कृपणपणाच.

मग बोलणें आणि पाहणें यांचा मेळ कोठें आहे? तो शोधण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. दक्षिण कोंकणांत कुडाळजवळ पिंगुळी येथें ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा आहे. चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं पानें एकामागून एक लोकांसमोर उभीं धरतो आणि वाद्यांच्या साथीनें कथा गातो. म्हणजे तोहि कथाच सांगतो; श्रोत्यांस ती ठाऊकहि असते. पण पुढें असतें तें चित्र. शब्द चित्राच्या आश्रयानें येतो, कथा सरकली कीं पान बदलतें, आणि डोळा व कान एकाच ठिकाणीं राहतात. जें मला वाङ्मयाच्या पदवीनें आणि एवढ्या वर्षांच्या अध्यापनानें समजलें नाहीं, तें हा कलावंत आपल्या नुसत्या बसण्यांतून सांगतो: चित्र पुढें, बोलणारा मागें.

त्या प्रसंगानंतर मीं आपली रीत बदलली. आतां तीनच वस्तु घेतों. प्रत्येकीपुढें प्रथम दहा मिनिटें कोणीं बोलावयाचें नाहीं आणि लिहावयाचें नाहीं. नंतर मी विद्यार्थ्यांच्या पाठीमागें जाऊन उभा राहतों आणि तेथून विचारतों. जें खटकलें असेल त्याचें उत्तर मला येत असेल तर देतों. येत नसेल तर तसें सांगतों. यानें चमत्कार झाला असें मी म्हणणार नाहीं. दहा मिनिटें कित्येकांना जड जातात. कांहीं जण चुळबुळ करतात, कांहींचा हात खिशांतील फोनकडे वळतो. शिवाय ज्या विद्यार्थ्यास मुंबईस पुन्हां येण्याचा योग कदाचित् यावयाचा नाहीं, त्याला सबंध संग्रहालय न दाखवितां तीन वस्तूंवर परत नेण्याचा मला अधिकार आहे काय, ही टोचणी मनांत असतेच. तिचें समाधानकारक उत्तर मजजवळ नाहीं. एवढेंच म्हणतों, कीं ज्याला एक वस्तु पाहतां आली तो उरलेल्यांसाठीं परत येईल; ज्याला सगळ्या दाखविल्या गेल्या त्याला परत येण्याचें कारण राहत नाहीं.

सहलीचा वृत्तांत भरण्याचा जो छापील तक्ता असतो त्यांत 'पाहिलेल्या वस्तु' असा एक रकाना आहे. पूर्वीं तेथें मी चाळीस, पन्नास असे आंकडे घालीत असें. आतां तीन लिहितों, आणि हिशेब तपासणारा त्या आंकड्यापाशीं हमखास थबकतो. परंतु तो रकाना केवळ कचेरींतच असतो असें नाहीं. मूल सहलीहून दमून घरीं येतें तेव्हां आपण सर्वच त्याला पहिला प्रश्न करतों, "काय काय पाहिलंस?" आणि यादी लांब निघाली कीं पैसे वसूल झाल्याचें समाधान मानतों. वाचकांस माझी विनंति एवढीच, कीं पुढल्या खेपेस यादी मागूं नये. एकच वस्तु विचारावी, ती कशी होती तें त्याच्या शब्दांत ऐकावें, आणि मधूनच "कशावरून?" असें म्हणावें. मुलाला सांगतां आलें नाहीं, तर येत्या रविवारीं त्याला घेऊन आपण स्वतः जावें, आणि त्या वस्तूपुढें त्याला पुढें उभें करून आपण मागें राहावें.