हुंकार आणि होकार : स्वास्थ्यमार्गदर्शनातील माणूस व यंत्र

१

आहार, निद्रा, व्यायाम, व्यसनमुक्ती, मनाची स्थिरता इत्यादी बाबतींत व्यक्तीला तिने स्वतः इच्छिलेल्या परिवर्तनाकडे नेणारा संवाद म्हणजे स्वास्थ्यमार्गदर्शन होय. हॅल्बर्ट डन यांचे 'हाय-लेव्हल वेलनेस' हे पुस्तक १९६१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि 'वेलनेस' या शब्दाला पुढे जे चलन मिळाले त्याचा उगम बहुधा तेथे दाखविला जातो. मराठीला यासाठी 'स्वास्थ्य' हा शब्द आयताच उपलब्ध आहे. जो 'स्व'मध्ये स्थित तो स्वस्थ, ही त्याची व्युत्पत्ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उपकारकच ठरते. मार्गदर्शकाने माणसाला स्वतःच्या मतावर आणावयाचे नसून त्याला त्याच्या स्वतःच्या ठायी परत आणावयाचे असते.

आता हे कार्य कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही करू लागली आहेत. साहजिकच माणूस श्रेष्ठ की यंत्र, असा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर सल्ल्याची अचूकता, खर्च व उपलब्धता या निकषांवर देण्यात येते. हे निकष गैरलागू नाहीत; परंतु ते सर्व सल्ल्याच्या आशयाला लागू पडणारे आहेत. रोज चालावे, वेळेवर निजावे, तंबाखू सोडावी हे ज्याला ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. ज्ञान असूनही आचरण घडत नाही, म्हणूनच मार्गदर्शकाची गरज उत्पन्न होते. तेव्हा काय सांगितले जाते, यापेक्षा सांगणे व ऐकणे ही क्रिया कशी घडते, हा प्रश्न अधिक मूलगामी होय. आणि तो भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो.

२

या प्रश्नाचा इतिहास १९६६ पासून सुरू होतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ वायझेनबाउम यांनी त्या वर्षी 'एलायझा' या संगणक-आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील नायिकेवरून तिचे नाव ठेवलेले होते, पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे त्या कथेचे मर्म मराठी वाचकास परिचित आहेच. वाक्यातील एखादा ठळक शब्द हेरावयाचा, 'माझा'चे 'तुमचा' करावयाचे आणि तेच वाक्य प्रश्नरूपाने परत करावयाचे, एवढीच तिची करामत. कोणी आईविषयी काही लिहिले की, कुटुंबाविषयी आणखी सांगा, असे उत्तर येई. वायझेनबाउम यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की, या आज्ञावलीचे काम डोळ्यांदेखत झालेले पाहणाऱ्या त्यांच्या सचिव बाईंनीही काही वेळ संभाषण केल्यावर त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली.

एलायझाने अनुकरण केले ते कार्ल रॉजर्स यांच्या समुपदेशनपद्धतीचे. आलेल्या व्यक्तीचेच म्हणणे तिच्यापुढे पुन्हा मांडावे, उपदेश करू नये, हे त्या पद्धतीचे बाह्य लक्षण. परंतु ते केवळ बाह्य लक्षण होते. आपण भावनांचे प्रतिबिंब दाखवीत नसून आपले आकलन बरोबर आहे की नाही याची पडताळणी करीत असतो, असा खुलासा रॉजर्स यांनी १९८६ मध्ये केला. या खुलाशाचे भाषिक महत्त्व मोठे आहे. ज्याने काही आकलन केले आहे तोच चुकू शकतो, आणि जो चुकू शकतो त्यालाच दुरुस्त करता येते. 'नाही, तसे नव्हे. मला म्हणायचे होते ते असे,' या वाक्याची वाट मोकळी करून देणे हे त्या पुनरुक्तीचे प्रयोजन होय. एलायझाच्या पुनरुक्तीमागे आकलन नव्हते. म्हणून तिला दुरुस्त करण्यासारखेही काही नव्हते.

३

मराठी व्यवहारात येथे एक उपयुक्त भेद आढळतो. गोष्ट ऐकणारा मधूनमधून 'हूं' म्हणतो, त्यास हुंकार म्हणतात. आणि मागणीला किंवा मताला दिलेली संमती म्हणजे होकार. हुंकाराचा अर्थ 'ऐकतो आहे, पुढे सांगा' एवढाच असतो; होकाराचा अर्थ 'मान्य आहे' असा असतो. दोन्ही ध्वनी एकाच मुखातून निघतात, परंतु त्यांचे वाक्कर्म भिन्न आहे. उत्तम मार्गदर्शक हुंकार मुक्तहस्ताने देतो व होकार जपून देतो.

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह विस्तारलेल्या प्रेरक संवादपद्धतीत हाच भेद शास्त्राच्या पातळीवर आलेला दिसतो. तीत श्रोत्याने प्रश्नांपेक्षा विधाने करावीत व विधानाच्या शेवटी स्वर उतरता ठेवावा, अशी शिकवण आहे. 'रात्री उशिरा खाण्याची तुम्हाला स्वतःलाच चिंता वाटते' हे वाक्य उतरत्या स्वरात उच्चारले तर तो हुंकार होतो; चढत्या स्वरात उच्चारले तर ती उलटतपासणी होते. शब्द तेच, परंतु स्वराने कर्म पालटते. लेखी यंत्रसंवादात हा स्वर उपलब्धच नसतो, व त्याची उणीव शब्दबाहुल्याने भरून काढली जाते.

शब्दबाहुल्याचा परिणाम मूल्यमापनावरही होत असावा. 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सार्वजनिक मंचावरील १९५ वैद्यकीय प्रश्नांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरे व चॅटजीपीटीची उत्तरे यांची तुलना केली गेली. ७८.६ टक्के मूल्यांकनांत यंत्राच्या उत्तराला पसंती मिळाली आणि सहानुभूतीच्या बाबतीतही यंत्रच पुढे राहिले. हा निष्कर्ष उडवून लावण्याजोगा नाही. तथापि डॉक्टरांची उत्तरे सरासरी ५२ शब्दांची व यंत्राची २११ शब्दांची होती, आणि मूल्यांकन करणारे हे वैद्यकीय व्यावसायिक होते, प्रश्न विचारणारे रुग्ण नव्हते. तेथे मोजला गेला तो सहानुभूतीचा लेखी आविष्कार. मार्गदर्शनाचा संवाद हा एका उत्तराचा नसून अनेक आठवड्यांचा असतो. त्याची कसोटी या मोजमापात येत नाही.

एलायझाकडे निदान एक गुण होता : तिच्याकडून हुंकार मिळे, होकार मिळत नसे. आजच्या भाषाप्रतिमानांचा कल नेमका उलट दिशेला आहे. माणसांना कोणते उत्तर आवडते यावरून त्यांना घडविण्यात येते, आणि माणसांना होकार आवडतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला आपल्या प्रतिमानाची एक सुधारित आवृत्ती ते अतिरेकी हांजी हांजी करू लागल्यामुळे काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. नंदीबैलाची मान डोलते तेव्हा प्रश्नकर्त्याला आनंद होतो. परंतु त्याच्या डोलण्यावरून कोणी पथ्य ठरवीत नाही. व्यसनाचे समर्थन करणाऱ्यापुढे डोललेली मान ही सहानुभूती नव्हे.

४

मराठीत बोलू लागलेल्या यंत्रापुढे आणखी काही अडचणी उभ्या राहतात. त्या इंग्रजीत दिसत नाहीत, म्हणून त्यांची चर्चाही फारशी होत नाही. पहिली अडचण लिंगाची. 'मी ऐकतो आहे' की 'मी ऐकते आहे', याचा निर्णय केल्याखेरीज मराठीत वर्तमानकाळातले साधे वाक्यही पुरे होत नाही. यंत्राला या पेचातून सुटण्याचा एक मार्ग आहे : 'मला समजते', 'मला वाईट वाटते' अशी चतुर्थीची रचना. येथे क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाशी जुळत नाही. परंतु हीच रचना मराठीत अनुभव घेणाऱ्याची रचना आहे. भूक, दुःख, आठवण, लाज ही सर्व 'मला' होतात. म्हणजे लिंग लपविण्यासाठी जे वाक्य योजावे, त्यातच अनुभवाचा दावा सर्वांत ठळक होतो. याउलट 'मी तुमचे म्हणणे वाचले' या भूतकालीन सकर्मक रचनेत लिंगही प्रकट होत नाही व अनुभवाचा दावाही होत नाही. यंत्राच्या तोंडी हे वाक्य अधिक प्रामाणिक ठरेल.

दुसरी अडचण सर्वनामाची. साठीच्या गृहस्थास 'तू' म्हणणे हा अनादर, आणि सोळा वर्षांच्या मुलीस 'आपण' म्हणणे हा दुरावा. माणसामाणसांत 'तुम्ही'चे 'तू' होणे ही संबंधाच्या इतिहासातील एक घटना असते. इंग्रजीच्या एकाच सर्वनामावरून उतरलेल्या मजकुरात ही घटना अकारण घडण्याचा व पुढच्याच वाक्यात पुसली जाण्याचा संभव असतो.

तिसरी बाब 'आपण' या समावेशक सर्वनामाची. 'आपण उद्यापासून चालू या' असे म्हणणारी मार्गदर्शिका प्रत्यक्ष बरोबर चालेलच असे नाही. औषध पाजताना 'आता आपण औषध घेऊ या' म्हणणारी परिचारिकाही ते स्वतः घेत नाही. तरीही ज्याला पाय आहेत, थकवा आहे, आळस आहे, अशाच्या तोंडी हा 'आपण' लक्षणेने खरा ठरतो. यंत्राच्या तोंडी लक्षणेला आधार देणारा मुख्यार्थच उरत नाही.

५

वाक्य आणि उक्ती यांतील भेद येथे केवळ तात्त्विक राहत नाही. त्याला जिवाचे मोल येते. अमेरिकेतील नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन या संस्थेने मे २०२३ च्या अखेरीस 'टेसा' हे आपले संवादयंत्र बंद केले. आहारविषयक मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांसाठी असलेल्या या यंत्राने वजन घटविण्याचा व उष्मांक कमी करण्याचा सल्ला दिल्याचे उघड झाले होते. 'कमी खावे' हे वाक्य म्हणून निर्दोष, अनेकांना हितकरही. परंतु अन्नाची धास्ती घेतलेल्या व्यक्तीला उद्देशून ते उच्चारले गेले की ती घातक उक्ती होते. सल्ल्याचा अर्थ ऐकणाऱ्यावाचून पुरा होत नाही, याचे याहून कठोर उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड-व्याख्यानांत दाखविले की, वचन देणे हे वर्णन नसून कृती आहे. मार्गदर्शनाचा प्राण या कृतीत आहे. 'पुढच्या मंगळवारपर्यंत सिगारेट ओढणार नाही' असे कोणासमोर म्हटले जाते तेव्हा एक ऋण निर्माण होते. ऐकणारा त्याचा धनको असतो. यंत्र त्या वाक्याची नोंद माणसाहून अचूक ठेवील, आठवणही न चुकता करून देईल. परंतु नोंदवही म्हणजे धनको नव्हे.

६

यावरून यंत्र त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले की, समोरचा आभासी मुलाखतकार स्वयंचलित आहे असे मानणाऱ्यांना स्वतःविषयी सांगण्याचे भय कमी वाटते. मराठीत ज्याला 'भीड' म्हणतात, ती येथे कमी होते. घरी, दवाखान्यात किंवा मित्रापाशी जे ओठांवर येत नाही ते यंत्रापाशी लिहिले जाते, तेही रात्री दोन वाजता आणि अल्प खर्चात. शिवाय मानवी मार्गदर्शक सर्वच हुंकार देणारे असतात, असेही नाही. ठरीव प्रश्नावली घोकून बोलणारा, प्रत्येकाला एकच दिनचर्या सांगणारा मार्गदर्शक माणूस असूनही यंत्रवतच असतो.

परंतु भीड ही दुधारी आहे. जी भीड सांगू देत नाही, तीच भीड दिलेला शब्द पाळावयास लावते. जेथे ती नाही तेथे कबुली सोपी होते आणि वचन हलके होते. यंत्राचा गुण व त्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. तेव्हा कार्यविभागणी याच रेषेवर व्हावी, हे युक्त होय : मन मोकळे करणे, नोंद, स्मरण व माहिती यांसाठी यंत्र, वचन, विरोध आणि प्रसंगोचित मौन यांसाठी माणूस. यंत्राच्या भाषेविषयीही एक मागणी न्याय्य ठरते : तिने अनुभवाचा दावा न करता बोलावे, आणि हुंकाराच्या जागी होकार देऊ नये.

मराठीतील समुपदेशनसंवादांचे, संबंधितांच्या संमतीने व ओळख गुप्त राखून, ध्वनिमुद्रित संकलन झाल्यास हुंकार, स्वर, सर्वनामबदल व मौन यांचा अभ्यास शक्य होईल. रॉजर्स यांनी आपल्या १९४२ च्या ग्रंथात एका संपूर्ण समुपदेशनाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन छापले होते. मराठीत बोलणारी यंत्रे घडविली जात असताना मराठी माणसे परस्परांचे दुःख कोणत्या भाषेत ऐकतात, याचा पुरावा हाती असणे अगत्याचे आहे. कारण तो नसेल तर ऐकण्याची मराठी रीतही अनुवादातूनच ठरेल.