पारखणारा डोळा आणि टिपणारा डोळा: जॉन शारकॉव्स्की यांची छायाचित्रं

सुंदर वस्तू पारखायला अभिरुची लागते आणि ती निर्माण करायला प्रतिभा, असा भेद कांटने 1790 च्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट'मध्ये केला. आपल्याकडे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त भावयित्री आणि कारयित्री असे प्रतिभेचे दोन प्रकार त्याच्या कितीतरी आधी सांगितले होते. (शब्द अवघड वाटले तर रसिकाची आणि कवीची एवढंच लक्षात ठेवा.) या दोन्ही एकाच माणसात असल्या तर काय होतं? आज एक उदाहरण घेऊ.

जॉन शारकॉव्स्की 1962 ते 1991 न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे 'मोमा'मध्ये, छायाचित्रण विभागाचे प्रमुख होते. अमेरिकेत कोणता फोटो कला म्हणून भिंतीवर लागणार, हे त्या काळात बरंचसं हा एक माणूस ठरवत होता. 1967 मध्ये त्यांनी डायान आर्बस, ली फ्रीडलँडर आणि गॅरी विनोग्रँड यांना एकत्र आणलं. 1976 मध्ये विल्यम एगलस्टनचे रंगीत फोटो लावले आणि टीकेची झोड ओढवून घेतली. हे सगळं छायाचित्रणाच्या इतिहासात सापडतं. पण मोमात येण्याआधी ते स्वतः छायाचित्रकार होते, ही गोष्ट तळटीपेत जाते. माझी तक्रार तिथे आहे.

त्यांचं 'द आयडिया ऑफ लुई सुलिव्हन' हे पुस्तक 1956 चं. सुलिव्हन हा शिकागोचा मोठा वास्तुविशारद. त्याच्या इमारतींचे फोटो म्हटल्यावर तुम्हाला काय दिसतं? रिकामा रस्ता, स्वच्छ आकाश, मधोमध इमारत, जणू लग्नाच्या फोटोतली नवरी. शारकॉव्स्की तसं करत नाहीत. बफेलोच्या गॅरंटी बिल्डिंगसमोर रस्ता आहे, वर्दळ आहे, रोजचं शहर आहे. नक्षीकामाजवळ जातात तेव्हा इतके जवळ जातात की टेराकोटावरची काजळी दिसावी. ही इमारत वापरात आहे, तिच्यात माणसं नोकरीला येतात-जातात, हे त्या फोटोंतून कळतं. स्थापत्याबद्दलचं हे एक मतच आहे, फक्त कॅमेऱ्याने मांडलेलं.

आता 'द फोटोग्राफर्स आय' हे त्यांचं 1966 चं पुस्तक घ्या. वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि पाहण्याची जागा या पाच गोष्टींवर ते छायाचित्राचा विचार उभा करतात. चित्रकार रचतो, छायाचित्रकार निवडतो, हा त्याचा गाभा. हा विचार ग्रंथालयात बसून सुचलेला नाही, असं मला ठामपणे वाटतं. तिपाईवरचा जड कॅमेरा घेऊन, कडेची ती पाटी चौकटीत ठेवायची की गाळायची, असा प्रश्न ज्याला रस्त्यावर पडलाय, त्याचा तो विचार आहे.

गंमत पुढे आहे. विनोग्रँड छोटा कॅमेरा घेऊन गर्दीत शिरतो, त्याच्या फोटोंतली माणसं तिरकी होतात, क्षितिज कलतं. शारकॉव्स्कींची स्वतःची चित्रं सरळ उभी, शांत, थोडी जुन्या वळणाची. म्हणजे आपल्या हाताला जे कधी जमलं नसतं, तेच त्यांनी भिंतीवर लावलं! पारखणाऱ्याने स्वतःच्याच सावल्या गोळा कराव्यात, हा मोह किती मोठा असतो ते विद्यापीठांतल्या नेमणुका पाहिलेल्यांना सांगायला नको. त्यांच्या निवडीवर पुष्कळ आक्षेप घेता येतात. तिथे एकाच माणसाच्या हाती एवढी सत्ता असावी का, हा तर रास्तच प्रश्न आहे. पण त्यांनी स्वतःच्या शैलीची टोळी बनवली, हा आरोप त्यांचे फोटो पाहिल्यावर टिकत नाही.

निवृत्तीनंतर ते पुन्हा कॅमेऱ्याकडे वळले. न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या शेतावरची सफरचंदाची झाडं, जुनं कोठार. योगायोग असा की, त्यांच्या आधी मोमात त्याच खुर्चीवर असलेल्या एडवर्ड स्टायकननेही उतारवयात घराजवळच्या तळ्याकाठचं एकच झाड वर्षानुवर्षं टिपलं. शारकॉव्स्कींच्या झाडांमध्ये फांद्यांची गुंतागुंत फार सुंदर पकडलेली आहे, पण मला त्यांत सुलिव्हनच्या पुस्तकातला ताण सापडत नाही. तिथे शहर चौकटीशी भांडत होतं. इथे झाडं काही मागत नाहीत, आणि छायाचित्रकारही फार मागत नाही.

2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, 2006 मध्ये ते मोमातही आलं. पुढच्याच वर्षी ते गेले. तुम्हाला त्यांचं काही बघायचं असेल तर झाडं नंतर बघा. आधी सुलिव्हनचं पुस्तक मिळवा आणि प्रत्येक फोटोच्या कडा नीट पाहा. आता प्रश्न घेऊ.