रनुबाईला घाई कशाची?

महावीर जयंतीच्या संध्याकाळी आमच्या महिला मंडळाने गणगौर नृत्य केलं. टाळ्या भरपूर पडल्या. मीही वाजवल्या, पण मनातून खट्टू झाले.

इच्छापूर सीमेवरचं गाव. घरात मराठी, अंगणापलीकडे निमाडी. पाडव्याआधीच टोपल्यांत गहू पेरतात, जवारे उगवतात आणि चैत्र शुद्ध तृतीयेला रनुबाई-धणियरराजाचे रथ निघतात. रथ म्हणजे बांबूचा सांगाडा, त्यावर साडी, दागिने, मुखवटा, आत जवारे. तो डोक्यावर घेऊन बाई नाचते, बाकीच्या भोवती फेर धरतात. ढोल आणि थाळी, बस्स. जवारे म्हणजे हरितकाय, म्हणून माझ्या सासूबाई म्हणायच्या, “पूजेला हात लावू नको गं, पण गाणं ऐकायला बंदी नाही.” मी आयुष्यभर ऐकतच आले.

आता नाचाचं. डोक्यावर ओझं असलं की पाऊल आपोआप जपून पडतं. मान हलत नाही, कंबर आणि गुडघे तेवढे बोलतात. बरं, रनुबाई ही माहेरी आलेली लेक. धणियर तिला न्यायला आलाय. म्हणजे फेर जितका लांबेल तितकी लेक घरी राहील! कुणाचा नवस असेल तर ते घर रथ आणखी थांबवून घेतं, पंगत घालतं. त्याला ‘रथ बौडावणं’ म्हणतात. तो संथपणा नाचाचा दोष नाही, तोच त्याचा अर्थ आहे.

आमच्या मंचावर काय झालं? गाणं मोबाइलवरचं, पाच मिनिटांचं. रथ थर्माकोलचा, हलका, त्यामुळे मुली गरागरा फिरल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फेर मोडला. अंगणात सगळ्यांची तोंडं आत, रनुबाईकडे असतात. मंचावर तसं केलं तर अर्ध्या जणींची पाठ प्रेक्षकांना दिसणार, म्हणून नाच बसवणाऱ्या ताईंनी फेराची रांग केली. सगळ्या आमच्याकडे बघून हसत होत्या आणि रथ मागे, फुलदाणीसारखा उभा. पाठवणीचं गाणं तर वेळेअभावी कापलंच. शेवटी एक पोज, फोटोसाठी.

मुलींचा दोष नाही हं. त्यांतली एक सून, एरवी दारातून बाहेर न पडणारी, त्या दिवशी मोकळी हसली. तेवढ्यासाठी मंच असावा असं मलाही वाटतं. रामनारायण उपाध्यायांनी खंडव्यात बसून निमाडी गाणी गोळा केली, ती कागदावर तरी राहिली. नाच मात्र कागदावर राहत नाही, तो पायांतच राहतो, आणि पायांना सवय लागते ती ज्या वेगाने नाचवाल त्याची.

परवा मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं, पुढच्या वर्षी मंच नको. मांडवात खाली सतरंजी गुंडाळून जागा करू, बायका चहूबाजूंनी बसतील, मधे फेर. रथ आपण धरायचा नाही, शेजारच्या निमाडी बायांना मानाने बोलवायचं, थाळी त्याच वाजवतील. आणि पाठवणी पूर्ण होऊ द्यायची, मग रात्रीचे दहा वाजोत.

सगळ्यांना पटलं. फक्त अध्यक्षबाईंनी विचारलं, “मग पाहुण्यांचा सोफा कुठे ठेवायचा?”