दूध वाढले म्हणून गाय गाभण राहीना?

दुग्धव्यवसायावरील लेखांत आणि व्याख्यानांत एक आलेख वारंवार भेटतो. आडव्या अक्षावर वर्षे. एक रेषा चढणारी, ती गाईमागे मिळणाऱ्या दुधाची. दुसरी उतरणारी, ती पहिल्याच रेतनात गाभण राहणाऱ्या गाईंच्या प्रमाणाची. खाली निष्कर्ष असतो : माणसाने जास्त दूध मागितले, निसर्गाने त्याची किंमत वसूल केली. आमचा आक्षेप आकड्यांना नाही, या निष्कर्षाला आहे.

आकडे अमेरिकेतील आहेत. तेथे 1950 मध्ये एक गाय वर्षाला सरासरी सुमारे 2,400 किलो दूध देई. 2003 मध्ये हा आकडा 8,500 किलोंच्या आसपास गेला. कॉर्नेल विद्यापीठातील डब्ल्यू. आर. बटलर यांनी 1998 मध्ये दाखवून दिले, की न्यूयॉर्क राज्यात पहिल्या रेतनात गाभण राहण्याचे प्रमाण 1951 मधील सुमारे 65 टक्क्यांवरून 1996 मध्ये 40 टक्क्यांवर आले. पण या दोन रेषांना जोडणारी एकच गोष्ट आलेखात आहे, ती म्हणजे काळ. त्याच काळात गोठे मोठे झाले, एका माणसाकडे कितीतरी जास्त गाई आल्या, मोजक्याच वळूंचे रेत सर्वत्र वापरल्याने अंतःप्रजनन वाढले. दूरचित्रवाणी संचही वाढले! मग दोष एकट्या दुधाचाच कशावरून?

हे तपासायचे तर दूध आणि काळ यांची फारकत होईल अशी उदाहरणे शोधली पाहिजेत. ती आहेत. पहिले उदाहरण कालवडींचे. गाईंचे प्रमाण घसरत असताना, त्याच वंशाच्या पण अजून न व्यायलेल्या कालवडींचे प्रमाण फारसे घटले नाही. म्हणजे बिघाड केवळ रक्तात नव्हता. व्याल्यानंतर काहीतरी घडत होते. दुसरे नॉर्वेचे. तेथील तांबड्या गाईंच्या पैदाशीत 1970 च्या दशकापासूनच दुधाबरोबर प्रजननक्षमतेलाही गुण दिले गेले. दूध वाढले, पण अमेरिकेसारखी घसरण झाली नाही. तिसरे अमेरिकेचेच. 2003 पासून वळूची पारख करताना त्याच्या गाभण नसलेल्या मुलींपैकी दर 21 दिवसांत किती गाभण राहतात, हेही मोजले जाऊ लागले. 2020 पर्यंत गाईमागे दूध सुमारे 10,800 किलोंवर पोचले आणि तरीही प्रजननाची रेषा खाली जाण्याऐवजी वर वळली. याचे सारे श्रेय पैदाशीला देता येणार नाही. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन ठरल्या वेळी रेतन करण्याची पद्धतही याच सुमारास पसरली. पण ‘दूध वाढले की गाभण राहणे घटलेच पाहिजे’ हा नियम मात्र टिकत नाही.

मग दुधाचा काहीच संबंध नाही? आहे, पण तो आहारातून येतो. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते. भूक मागाहून वाढते. मधल्या काही आठवड्यांत गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते. रक्तातील ग्लुकोज आणि इन्सुलिन कमी राहते, मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संकेत क्षीण होतात आणि पहिले अंडमोचन लांबते. पुढे भरपूर खाणाऱ्या गाईच्या यकृतातून रक्त वेगाने वाहते व प्रजननाची संप्रेरके लवकर नष्ट होतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील 2004 च्या अभ्यासात जास्त दूध देणाऱ्या गाईंचा माज सरासरी 6.2 तास, तर कमी दूध देणाऱ्यांचा 10.9 तास टिकला. सकाळ-संध्याकाळ पाहणाऱ्या माणसाच्या नजरेतून सहा तासांचा माज सहज सुटतो. अशी गाय वांझ नसते, पण आपण तिला तसे ठरवतो.

तेथीलच 2014 चा अभ्यास आणखी बोलका आहे. 1,887 गाईंची अंगकाठी व्याल्यावर लगेच आणि 21 दिवसांनी पाहिली. या काळात खंगलेल्यांपैकी 25.1 टक्के, तशाच राहिलेल्यांपैकी 38.2 टक्के आणि अंग धरलेल्यांपैकी 83.5 टक्के गाई पहिल्या रेतनात गाभण राहिल्या. मात्र येथेही सावध राहावे. कोणती गाय कोणत्या गटात जाईल हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. अंग धरणारी गाय मुळातच निरोगी असू शकते. दुधाच्या आलेखाला आम्ही जी चाळणी लावली, ती आपल्या बाजूच्या पुराव्यालाही लावलीच पाहिजे.

हा वाद अमेरिकेपुरता नाही. महाराष्ट्रातील गोठ्यांत होल्स्टीनच्या संकरित गाई आहेत आणि ‘दुधाची गाय आहे, उलटणारच’ हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येते. या वाक्याने चौकशी थांबते. भाकड काळात वैरण-पेंड किती मिळाली, व्याल्यावर गाय किती खंगली, माज कोणी व कितीदा पाहिला, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत आणि गाय बाजाराची वाट धरते.

गाई असलेल्या घरांतली मुले वर्गात असतील, तर हा आलेख फळ्यावर काढावा. निष्कर्ष सांगू नये. ‘आणखी कोणत्या गाई पाहिल्या तर खरे काय ते कळेल?’ एवढेच विचारावे. कालवडींचे उत्तर एखादे मूल नक्की देईल.