‘वयाला शोभेलसे’ : उतारवय, रंग आणि मराठी स्त्रीचा पेहराव

‘वयाला शोभेलसे नेसावे’ हा संकेत मराठी मध्यमवर्गीय घरात इतका मुरलेला आहे की, त्याचा उगम शोधण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. साडीच्या दुकानात ‘साठीच्या बाईंसाठी हवी आहे’ एवढे म्हणताच विक्रेता मोतिया, राखाडी, फिकट आमसुली अशा साड्यांची थप्पी पुढे करतो. राणी, चिंतामणी, गर्द पोपटी हे रंग फळीवरच राहतात. हा संकेत वार्धक्याइतकाच जुना व नैसर्गिक आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. आपल्याकडे स्त्रीच्या अंगावरचा रंग हिरावून घेणारी मूळ गोष्ट वैधव्य ही होती, आणि वैधव्याचे निर्बंध सैल होत गेले तसतसा त्यांतील काही भाग वयाच्या नावावर चढला, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

जुन्या ब्राह्मणी व्यवस्थेत केशवपन झालेल्या विधवेला काठपदर नसलेले लाल अलवण नेसावे लागे. येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या कपाळावरून लाल कुंकू पुसले जाई, त्याच देहावर लाल वस्त्र चढे. रंग म्हणून पाहिले तर अलवण काही फिकट नव्हते. जे गेले ते काठ, पदर, जर आणि निवड. काळ्या रंगाचेही तसेच. एरवी मंगलकार्यात वर्ज्य असलेला काळा रंग संक्रांतीला चंद्रकळेच्या रूपाने नव्या सुनेच्या अंगावर कौतुकाने येतो. तेव्हा ‘भडक’ किंवा ‘सोज्वळ’ हे गुण रंगाच्या अंगी असतात, असे म्हणणे कठीण आहे. कोण नेसते आणि कोणाच्या संमतीने नेसते, यावरून ते ठरतात.

या व्यवस्थेत वयाला फारसे स्थान नव्हते. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध) या कादंबरीतील यमूचे सक्तीने केशवपन होते, ते ऐन तारुण्यात. याउलट नातवंडे-पतवंडे पाहिलेली सवाष्ण हळदीकुंकवाच्या बैठकीत मानाच्या पाटावर असे. हिरवा चुडा, जरीकाठी लुगडे, ओटीतला खण हे सारे तिला शोभतच असे. तिला पाहून कोणी ‘आता हे वय आहे का?’ असे विचारल्याचे त्या काळच्या चित्रणात आढळणार नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर पुरुषावर असे कोणतेच बंधन का येत नाही, हा ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’त (१८८२) विचारलेला प्रश्नही वैधव्याभोवतीच फिरतो.

हे विवेचन एका मर्यादित वर्गापुरते आहे, याचे भान ठेवले पाहिजे. केशवपन व अलवण ही प्रामुख्याने ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींतील रूढी. कष्टकरी समाजातील अनेक जातींत पाट लावण्याची मुभा होती आणि गर्द डाळिंबी वा हिरवे इरकली लुगडे म्हातारपणापर्यंत चाले. यवतमाळ, वाशिम भागातील बंजारा तांड्यांवर तर आपला संकेत उलटाच झालेला दिसतो. तेथे आरशांची, कवड्यांची, लालभडक फेटिया-कांचळी आज आढळते ती बहुधा वृद्धांच्या अंगावर. सुना-नाती साडी वा पंजाबी ड्रेस वापरू लागल्या आहेत. वैधव्यात काही अलंकार उतरवण्याची रीत तेथेही आहे. पण वयाबरोबर रंग फिकट व्हावा, ही अपेक्षा नाही. ज्यास आपण सार्वत्रिक अभिरुची म्हणतो ती पांढरपेशी, शहरी अभिरुची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

विसाव्या शतकात सुधारणा व शिक्षण यांमुळे केशवपन लोपले, अलवण गेले. त्यांच्या जागी आली ती पांढरी किंवा फिकी, बारीक काठाची साडी. तिला कोणी निर्बंध म्हटले नाही. ‘साधेपणा’, ‘पोक्तपणा’ म्हटले. ‘विधवेला शोभत नाही’ हे वाक्य उच्चारण्याची सुशिक्षितांना लाज वाटू लागली आणि ‘वयाला शोभत नाही’ हे त्याच्या जागी बसले. क्रियापद तेच राहिले. पत्नी बहुधा पतीहून वयाने लहान असते व पतीच्या मागे राहते. त्यामुळे वयाचा म्हणून सांगितलेला नियम प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर पूर्वीच्याच स्त्रियांना लागू होतो. जिचा पती हयात आहे तीही आता त्यात ओढली गेली, एवढाच काय तो विस्तार.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. हे पाऊल मोलाचे आहे. परंतु ‘शोभणे’ याविरुद्ध ठराव कसा करावा? येथे बांगडी फोडणारा हात नाही. स्त्री स्वतःच दुकानात उभी राहून ‘जरा फिक्यातली दाखवा’ म्हणते. काहींना फिके रंग मनापासून आवडतात, हेही खरेच. तथापि ही आवड नेमकी पन्नाशीनंतरच इतक्या जणींना एकदम कशी जडते, हा प्रश्न उरतो.

या संकेतातून सुटण्याच्या वाटा आहेत; मात्र त्या निमित्ताच्या आहेत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्रांनी रूढ केलेले नवरात्राचे नऊ रंग हे त्याचे ठळक उदाहरण. त्या दिवशी निवृत्तीला आलेली लिपिकही निःसंकोच केशरी नेसते, कारण रंग तिने निवडलेला नसून पंचांगासारखा बाहेरून आलेला असतो. केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) या चित्रपटाचे यशही या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे पुजायची ती मंगळागौर. तिचे खेळ येथे संसारात मुरलेल्या सहा बहिणी खेळतात. नववधूचा खेळ प्रौढेला परत देण्याची ही कल्पना धीट आहे, आणि स्त्रियांनी गटागटाने नटूनथटून तिला जो प्रतिसाद दिला तो उगाच नव्हे. परंतु तेथेही स्पर्धा आहे, समूह आहे, सण आहे. एकटीने, एखाद्या साध्या मंगळवारी, केवळ मनाला आले म्हणून नटणे हा विषय चित्रपट हाती घेत नाही.

आपल्या अध्यापककक्षातही ही पहारेदारी चालते, आणि तिची भाषा अत्यंत सौम्य असते. विभागातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीच्या आदल्या वर्षी गर्द गुलबक्षी साडी नेसून आल्या, तेव्हा ‘मॅडम, आज काय विशेष?’ असे प्रस्तुत लेखिकेनेच त्यांना विचारले होते. ‘काही नाही हो, सुनेने आणली, तिचे मन मोडवेना,’ असे त्या हसून म्हणाल्या. साडी त्यांनी स्वतःच पसंत करून घेतली होती, हे पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळले. महाविद्यालयात ती पुन्हा दिसली नाही.