पत्ता एक, जन्मगाव दुसरं?

अबुधाबीत मुख्यालय असलेली युएई स्पेस एजन्सी 2028 मध्ये ‘एमबीआर एक्सप्लोरर’ हे यान सोडणार आहे. आखातात राहत असाल, तर आकडे तुम्हाला पाठ असतील: 7 लघुग्रह, 5 अब्ज किलोमीटर, ‘होप’ मंगळयानाच्या दहापट प्रवास. आकडे ठीकच आहेत. माझा आक्षेप असा की, 2034 मध्ये शेवटचा मुक्काम ‘जस्टिशिया’वरच का, हे त्या आकड्यांखाली दबून जातं.

21 सप्टेंबर 1887 रोजी योहान पालिसानं व्हिएन्नातून जस्टिशिया शोधला. फोटोवरून लघुग्रह सापडू लागले ते 1891 पासून. त्याआधी दुर्बिणीला डोळा लावायचा, आकाश नकाशाशी ताडायचं आणि जागा बदलणारा ठिपका हेरायचा, एवढंच हातात होतं. त्या ठिपक्याची कक्षा कळली: सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या 2.6 पट, एका फेरीला सुमारे 4.2 वर्षं. म्हणजे मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक साधा रहिवासी.

मग 2021 मध्ये सुनाओ हासेगावा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, जस्टिशिया आणि पॉम्पेया हे दोघं या पट्ट्यातल्या इतरांपेक्षा फारच लाल आहेत. असा लाल रंग नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांवर दिसतो. गुंतागुंतीची सेंद्रिय संयुगं हे त्याचं कारण मानलं जातं. सूर्यमालेच्या बालपणी मोठे ग्रह जागेवरून सरकले, तेव्हा हे दोघं तिकडून आत फेकले गेले असावेत.

या वाक्यातलं ‘असावेत’ सोडू नका. कक्षा आजचा पत्ता सांगते, जन्मगाव नाही. पण नुसता रंगही जन्मगाव सिद्ध करत नाही. सूर्यप्रकाश आणि सौरवारा पृष्ठभागाचा रंग बदलत राहतात. रंग बघून आपलं गाव ठरवणारी माणसं परदेशात आपल्याला भेटतातच. निदान लघुग्रहाच्या बाबतीत तरी आपण तसं करू नये.

म्हणूनच यानावरचे अवरक्त वर्णपटमापक मला किलोमीटरांपेक्षा मोलाचे वाटतात. पृष्ठभागावर कोणती संयुगं, कोणती खनिजं आहेत, हे ते जवळून तपासतील. कदाचित उत्तर निघेल, “हा इथलाच.” तरी मोहीम फसली असं होणार नाही, कारण मग लाल रंग इथेही तयार होतो, हे कळेल.

तेव्हा पुढची बातमी आली की, यान किती लांब गेलं याच्याआधी हे विचारा: ‘असावा’चं ‘आहे’ झालं का, आणि कोणत्या पुराव्यावर?